जपलेली गाडी

स्कूटर दुरुस्त होईपर्यंत गॅरेजच्या बाकावर बसलेल्या शिक्षिकेनं पेपर डोळ्यांसमोर धरला होता, पण कान होते शेजारच्या मायलेकांकडे.

“आई, बाबांनी ही स्पोर्ट्स कार जिवापाड जपली. मीटर पळू नये म्हणून धुवायलासुद्धा ढकलत बाहेर काढायचे.”

“ढकलायला मीच असायचे.”

“इतकी जुनी असून कोरी आहे, म्हणून तर लोक बघायला येतात.”

“येतात आणि मयताला आल्यासारखे हळू बोलतात.”

“चालवलीस तर खराब होईल.”

“उभ्या उभ्या चारही टायर तडकले, ते कोणी चालवून? आजचे नवे काय शोभेला बसवले?”

“बरं. आणली तशी ट्रकवर चढवून नेऊ.”

“ट्रक मी मघाशीच परत पाठवला.”

“मग घरी कशी न्यायची?”

“मी चालवत नेणार, लांबच्या रस्त्यानं. शेजारी बसतोस, की मागून चालत येतोस?”