न्गोनी हवालदार, बेंबांचं गाव

नाही, पण तुम्हीच सांगा, चोर पकडायला गेलेल्या पोलिसाला चोराच्याच बायकोनं स्टूल पुढे सारून, "या उंदीरखाऊ, बसा!" म्हणावं? युनिफॉर्मात होतो हो मी, कडक इस्त्रीच्या! आणि रागवायची सोय नाही!

का नाही? अहो, मी न्गोनी जमातीचा, आणि या कासामा गावातले हे सगळे बेंबा. आमच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, मग दमले, समेट केला, आणि ठरवलं काय, तर आजपासून आपण थट्टेचे भाऊ! वाट्टेल ते बोलायचं, त्यांनी आम्हाला उंदीरखाऊ, आम्ही त्यांना माकडखाऊ, वस्तू पळवायच्या, मयतातसुद्धा टिंगल करायची, रागावला तो हरला. पुढेमागे आपल्यातला कुणी पोलीस झाला तर त्यानं काय करायचं, हे एकालाही सुचू नये?

आणि बदली नेमकी इथेच, ती कायमची! पत्रा गळका, सणाला ड्यूटी... बायको, आमची नेली, म्हणायची, "तुम्ही घरी आलात की आपलंच कुत्रं भुंकतं." तो कसोंडे, सराईत कोंबडीचोर, बेड्या घालताना गर्दीला ओरडून सांगायचा, "बघा रे, आमचा गुलाम मला बांगड्या भरतोय!" मी म्हणायचो, "चल रे माकडखाऊ!" गर्दी लोटपोट! हसू मलाही यायचं, तुम्हाला सांगतो, पण डोक्यात एकच किडा वळवळायचा... हे गाव मला पोलीस मानतं, का नुसता विदूषक? एवढं कळलं असतं ना, तर गळक्या पत्र्याचंही काही वाटलं नसतं.

आई माझ्याकडे असताना गेली. आमच्या गावाहून, चिपाटाहून, नातलग पोचायच्या आत खड्डा कुणी खणला? कसोंडेनं! वर बोंबलतोय, "खोल खणा रे, न्गोनी म्हातारी आहे, उठून उंदीर मागेल!" मी रडता रडता हसलो. बरं वाटलं हो, फार बरं वाटलं.

मग आली निवृत्ती. साहेबांनी भाषणात भलत्याच माणसाचं कौतुक केलं. बाहेर चिपाटाला परतायला ट्रक भरलेला, नेली पुढे बसलेली. म्हटलं, आता तरी कुणी काही बोलेल! तर कसोंडे भर रस्त्यात गडाबडा लोळतोय, "मेला रे मेला, आमचा उंदीरखाऊ मेला! आता आम्हाला पकडणार कोण?" अख्खा बाजार खोटं खोटं रडायला लागला. पण याचे डोळे लाल... मी विचारलंच, "खरंच रडतोयस काय रे?"

"धूळ गेली," म्हणाला, आणि आठवण म्हणून मिळालेली माझी पोलिसी टोपी उचलून पसार!

आता भावानं पळवलेली वस्तू कोंबडी देऊन सोडवायची, ही रीत. दिली कोंबडी. त्यानं ती शिजवून मक्याच्या पिठाच्या घट्ट न्शिमाबरोबर आम्हालाच वाढली, तोवर ट्रकवाला वैतागून सामान उतरवून गेला. टोपी मागितली तर म्हणतो कसा, "अर्धी तूच खाल्लीस की! दुसरी आण."

तेव्हापासून इथेच राहून आणतोय. टोपी घालून तो बाजारात हिंडतो, आणि कुणी काही चोरलं की त्याला कान धरून माझ्या दारात आणतो, "साहेबांपुढे नीट उभा राहा!" साहेब म्हणतो हो... कसोंडे मला साहेब म्हणतो!

सबंध नोकरीत मला त्याला धड महिनाभर आत ठेवता आलं नाही. त्यानं मला एका टोपीवर जन्मठेप दिली. आणि रागवायची सोय नाही!