सगुणाकाकूंची राखण

मंडळी, ऐका! एक विचारतो, खरं सांगा — देवळात बसलाय, खोटं बोलाल तर ऐकणारा माझ्या मागेच उभा आहे! राखण म्हणजे काय हो? आपल्या हवाली केलेलं सांभाळणं — की दुसऱ्याचं काय चाललंय ते बघणं?

सोपं वाटतं ना? मग सगुणाकाकूंना भेटा! लेकीचं, शेवंताचं, लग्न परवावर आलेलं. होणारा जावई पोलिसात. बोलणी करायला आला तेव्हा ऐटीत म्हणाला, "आमचा सगळ्यांवर वॉच असतो!" झालं! काकूंना शब्द असा आवडला, की देवाचं नाव मागे पडलं आणि वॉच पुढे गेला.

आता शब्द गोऱ्या साहेबाचा. मनगटावर बांधलं की घड्याळ. वेशीवर उभं राहिलं की पहारा. आजाऱ्याच्या उशाशी जागत बसलं, तरी साहेब तेच म्हणतो! एवढ्या ढिगातून काकूंनी उचललं काय? — पाळत!

काकूंच्या आळीची रीत अशी, की सगळ्यांचं वाळवण देवळाच्या अंगणात. आळीपाळीनं एकीनं काठी घेऊन बसायचं. त्या दिवशी पाळी काकूंची, आणि लुगड्यावर कुरडया शेवंताच्याच रुखवताच्या! गहू भिजवून, चीक घोटून, सोऱ्या दाबून दाबून पोरीचे हात भरून आलेले. जाताना म्हणाली, "आई, आता नव्या करायला वेळ नाही हं. नीट बघ!"

"बघते गं! माझा वॉच आहे!"

होता ना वॉच! पण कुठे? — समोरच्या मंजुळाच्या दारावर! एक अनोळखी माणूस, डोक्यावर झाकलेली पाटी, सरळ आत! काकूंच्या जिवाला चैन पडेना. कोण हा? पाटीत काय? आणि नवरा गावाला गेलेला असताना! काठी गुडघ्यावर, मान लांब, वाळवणाकडे पाठ.

तेवढ्यात मंजुळा खिडकीतून ओरडली, "काकू, शेळी! अहो, मागे बघा!"

काकू हसल्या. "मला फसवते! मी मागे बघायचं, आणि तो सटकायचा होय!" मान म्हणून वळवली नाही.

मागे कुरकुर आवाज चाललेला. शेवटी वळल्या — लुगडं रिकामं! शेळी कुणाची? काकूंचीच हो! दावं बांधायला काकूच विसरलेल्या!

शेवंता धावत आली. बघितलं, आणि मटकन खाली बसली. भांडली नाही. नुसती रडली. काकूंना त्या क्षणी धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मंजुळा आली, मागे तो माणूस, डोक्यावर पाटी. "काकू, हा माझा भाऊ. शेवंताच्या रुखवताला म्हणून माहेरी कुरडया करायला सांगितल्या होत्या. तेवढ्याच घेऊन आलाय."

पाटीवरचं फडकं निघालं. कुरडयाच — काही पांढऱ्याशुभ्र, काही गुलाबी! शेवंतानं मंजुळाच्या गळ्यात हात टाकले. आणि काकू? काठी हातात, बघायला जागाच उरली नाही!

हसलात! हसा, मंडळी. देवानं प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक लुगडं पसरून ठेवलंय — लेकरं, म्हातारे आईबाप, स्वतःचं मन. काठीही दिलीय. तुमची पाठ कुणीकडे आहे, तेवढं बघा. काय, पटलं?

पटलं म्हणता? अहो, मी सगुणाकाकूंचं नाव काढलं, तेव्हा इथून सगळं दिसत होतं — एकूण एक जण शेजारच्याकडे बघत होता!