फोटोत मागे पालथे झोपलेले सर

...नाही, मला सांगा, ज्या माणसाने जन्मात कुणाच्या दंडाला पट्टा गुंडाळून बीपी मोजलं नाही, त्याने आम्हा नर्सना शिकवायचं, मोबाइलवर कसं वागावं ते? आणि सुरुवात काय, तर "माझ्या पांढऱ्या पऱ्यांनो"! परी म्हणे! सकाळपासून बेडपॅन उचलून कंबरेचा काटा ढिला झालाय, आणि हा टायवाला... आमच्या हॉस्पिटलचा जाहिरातवाला हो... आम्हाला पऱ्या म्हणतोय. पण जाऊ दे, मी काही बोलत नाही. आपल्याला काय करायचंय!

तर तुम्हाला सांगते, हे व्याख्यान ठेवलं कुठे? वरच्या हॉलला रंग चाललाय म्हणून थेट आमच्या पुरुष वॉर्डात! एकाचं सलाइन संपलंय, तो बिचारा हात हलवतोय, आणि आम्ही आपल्या भिंतीला टेकून उभ्या, गृहपाठ न केलेल्या पोरींसारख्या. टायवाला सांगतोय, "पेशंटचा फोटो? नाही. पेशंटचं नाव? नाही. पेशंट आपल्याकडे आहे, एवढंसुद्धा बाहेर कळता कामा नये." आणि हे सांगता सांगता मोबाइल काठीला लावून स्वतःचेच फोटो काढतोय. पोट आत, हनुवटी वर. मेट्रनबाई तर प्रत्येक वाक्याला मान डोलवतायत, सलाइन गेलं चुलीत. मी काही बोलले नाही.

आता कोपऱ्यातल्या खाटेवर कोण, तर एका शाळेचे हेडमास्तर. मूळव्याधीचं ऑपरेशन झालेलं, म्हणून पालथे. माणूस एवढा कडक, की नुसता चपलांचा आवाज आला तरी वर्ग चिडीचूप. शाळेत सांगून आले होते, प्रशिक्षणाला बाहेरगावी चाललोय. भरती झाल्या झाल्या माझा हात धरला आणि म्हणाले, "सिस्टर, शाळेत कळता कामा नये. या वयात दुसरी अब्रू मिळत नाही हो." मी शब्द दिला. आणि पाळला! सख्खा साडू चौकशीला आला, त्याला जिन्यातूनच परत धाडला, असं कुणी आमच्याकडे नाहीच म्हणून. त्यासाठी कुठल्या टायवाल्याची शिकवणी लागली नाही मला.

संध्याकाळी घरी चहा घेत बसले, तर मुलगी म्हणते, आई, तू मोबाइलवर हॉस्पिटलच्या पानावर आलीस. बघते तर टायवाला पुढे दात काढून, खाली ठळक अक्षरांत 'पेशंटची गोपनीयता हाच आमचा धर्म', आणि त्याच्या कानामागे... पालथे... सर! अर्धं तोंड उशीत, पण टक्कल आणि चष्मा लपतोय थोडाच? टायवाल्याला फोन लावला, उचलत नाही. मेट्रनबाईंना लावला, तर त्या म्हणे, "अगं, उद्या बघू, आधी लाइक किती आलेत बघ!" आणि या बाई आम्हाला शिस्त लावणार!

म्हटलं, आता गप्प बसले तर मी कसली नर्स? जन्मात पहिल्यांदा खातं उघडून घेतलं मुलीकडून. ती म्हणत होती, आई, जरा दम धर. पण इथे सरांची अब्रू चाललीय आणि दम कसला धरायचा? चष्मा लावला आणि एका बोटाने त्या फोटोखाली टाइप केलं, 'हा फोटो ताबडतोब पुसून टाका. मागे पालथे झोपलेले सर आमचे पेशंट आहेत. त्यांच्या मूळव्याधीबद्दल शाळेत कुणालाही कळता कामा नये.'

...हसा. हसून घ्या तुम्ही.

तोवर काळ्या कुत्र्यानेही सरांकडे बघितलं नव्हतं हो! सगळे त्या मेल्याचा टाय बघत होते. मुलीने माझं लिहिलेलं पुसेपर्यंत कुणीतरी टक्कल ओळखून ते शाळेच्या ग्रुपवर टाकलेलं आणि अख्ख्या शाळेने वाचलेलं. सकाळी वॉर्डात शाळाच भरली... शिक्षक, शिपाई, पोरं, फुलं. एक बाई तर अगदी गहिवरून म्हणाल्या, सर, असे पालथे काय, उठून बसा ना जरा! आता सरांना बसता येत असतं तर हे रामायण घडलं असतं का? सगळे गेल्यावर त्यांनी मान वळवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "सिस्टर, तुम्ही शब्द दिला होतात." खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

आणि कारवाई कुणावर? टायवाल्यावर? छे, त्याचा फोटो गाजला, त्याला शाबासकी! चोर सोडून संन्याशाला फाशी. मेमो मला, पेशंटची माहिती उघड केली म्हणून. आणि शिक्षा काय, तर तेच व्याख्यान पुन्हा ऐकायचं, एकटीने. त्याच वॉर्डात, कारण हॉलचा रंग अजून वाळतोय! टायवाल्याने काठी वर केली आणि म्हणतो कसा, "परी, जरा हसा!" मी मागे बघितलं. सरांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली होती. मी मुकाट्याने त्यांच्या खाटेसमोर आडवी उभी राहिले, पदर पसरावा तसा एप्रन पसरला आणि हसले. जीभ नुसती शिवशिवत होती हो, दोन शब्द सुनवायला... तेवढ्यात चादरीतून आवाज आला, "सिस्टर, पाया पडतो, काही बोलू नका."

मी म्हटलं, नाही हो सर, मी कुठे काही बोलते!