आईचं अळू

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते. तिच्या मांडीवर कुंडी.

"ताई, दवाखान्यात कुंडी घेऊन कोणी येतं का?"

"गप रे! आज बाबांची पट्टी निघतेय. सगळ्यात आधी त्यांना हेच दिसलं पाहिजे."

"अळू?"

"आता तरी अळू म्हणू नकोस! सहा वर्षं बाबा कंठशोष करतायत, ही लिली आहे म्हणून. अळूचा देठ पानाच्या पोटाला जोडलेला असतो, हिचा कडेच्या खाचेत. बघ ना!"

"अगं, हो की! मग इतकी वर्षं फूल का नाही आलं?"

"कसं येणार? बाबांनी उन्हात ठेवायची, आईने अळू म्हणून परत मोरीमागच्या अंधारात ढकलायची. बाबांना दिसेनासं झालं, तेव्हा मी सरळ माझ्या गच्चीत नेली. ऊन दिलं, माती ओली ठेवली, बस्स. आईला सांगितलं, वाळली."

"काय पांढरीशुभ्र पाकळी आहे गं!"

"पाकळी नाही रे ती, ते एक प्रकारचं पानच. खरी फुलं त्या पिवळ्या दांड्यावर, अगदी बारीक. ए, तोडू नकोस, चीक खाजतो!"

"तू तर डिट्टो बाबा झालीस!"

"ऊठ, ऊठ, आले!"

आईचा हात धरून बाबा बाहेर आले. कुंडीपाशी थबकले. वाकून त्यांनी एक पान उलटं करून पाहिलं, मग फुलाकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"अगं, बघितलंस का? तुझ्या अळूला फूल आलंय."