जोडी नसेल तर पॅक

इकबाल : आपल्या प्रोग्रामचा तक्ता हातात धरून खेळलास का काय?

मल्हार : पाठ केलता की! सासऱ्याम्होरं कागुद काढतो व्हय? दिवाळसणाला गेलतो, परीक्षेला न्हाय.

इकबाल : आन् तीन पत्तीत चालला आपला प्रोग्राम?

मल्हार : चालला म्हंजी! निमगावात समदे मेहुणे काय बी पान आलं की लावत्यात. मी आपला पानं टाकून पॅक, पॅक, पॅक. मेहुण्या म्हणल्या, दाजी खेळायला आल्यात का झोपायला.

इकबाल : हसू दे. कॉम्प्युटरनं लाखभर डाव वाटून बघितल्यात. जोडी नाहीतर त्याच्या वरचं आलं, तर हाय ते सगळं लावायचं. जोडी न्हाय, तर पॅक. मधलं काय ठेवलंच न्हाय. बारामतीत मी शिकलो, तिथल्या सरांना दाखवलं तर पाठ थोपटतील.

मल्हार : खरी कसोटी शेवटच्या डावाला. मी आन् सासरे, आबा, दोघंच उरलो. आबांनी म्होरलं सगळं ढकललं आन् वर इंदापुरातल्या गाळ्याची किल्ली ठेवली.

इकबाल : स्टँडजवळचा गाळा?

मल्हार : तोच. म्हणले, जावईबापू, तुमी मोटरसायकल लावा, पानं उघडू.

इकबाल : आयला! आन् आपल्याला ही खोली महिनाअखेर सोडायचीय. दुसरी मिळंना, आपला कॉम्प्युटर क्लास बंद पडायची पाळी. तुझ्याकडं काय व्हतं?

मल्हार : राजा, अठ्ठी, चौकी.

इकबाल : जोडी न्हाय.

मल्हार : मग काय, पॅक! वर आबांना म्हणलं, कॉम्प्युटर सांगतो तसंच खेळतो मी.

इकबाल : थांब, मशीनलाच इचारू. राजा, अठ्ठी, चौकी... समोरच्याचं सगळं डावावर... पॅक. बघ! तंतोतंत.

(मल्हारची बायको प्रतिक्षा जेवणाचा डबा घेऊन येते.)

मल्हार : ये, ये. काल वाटंत तोंड फुगवून बसलीवतीस न्हवं? हे बघ, कॉम्प्युटर बी हेच म्हणतोय.

प्रतिक्षा : कॉम्प्युटरला सासुरवाडी हाय का?

मल्हार : म्हंजी?

प्रतिक्षा : आमच्यात पयल्या दिवाळसणाला जावयासंगं पत्ते खेळतात ते हरायला. थोरल्या दाजींना घड्याळ असंच दिलं. आबांनी पानं पालथी टाकली, म्हणाले हरलो. झालं.

इकबाल : वहिनी, मग किल्ली...

प्रतिक्षा : ह्यांनी भर मांडवात सांगितलं, सासऱ्याचं काय बी घेणार न्हाय. लई बरं वाटलंवतं मला तवा. आता खोलीचं मीच आबांच्या कानावर घातलं. हातात दिली तर ह्यांनी किल्ली घेतली असती?

मल्हार : मला सांगायचं न्हाय का?

प्रतिक्षा : सांगितलं असतं तर खेळाय बसला असता?

इकबाल : चूक माझी बी हाय. समोरचा जिंकायलाच बसलाय असं धरून प्रोग्राम लिवला. हरायला बसलेला माणूस माझ्या डोक्यातच आला न्हाय.

मल्हार : आबांच्या हातात व्हतं तरी काय?

प्रतिक्षा : पानं मीच गोळा केली. दुर्री, तिर्री, पंजी.

इकबाल : त्याच्या खाली काय न्हाईच की! गड्या, उघडली असती तर तू खरंच जिंकला असतास.

मल्हार : मी आजच जातो निमगावला. आबांना सांगतो, चुकलं माझं.

प्रतिक्षा : आन् म्होरं काय? किल्ली द्या म्हणणार?

मल्हार : छ्या. तसं कसं म्हणायचं?

प्रतिक्षा : तेच की.

मल्हार : रागावलेत का गं आबा?

प्रतिक्षा : रागावले असते तर बरं झालं असतं. फराळाची पिशवी भरून देताना एवढंच म्हणाले, 'पोरी, तुझा नवरा दिलेलं घेत न्हाय, जिंकलेलं बी घेत न्हाय. त्याला द्यायचं कसं, ते जरा त्या मशीनला इचारून सांग.'