माझं नाव बरोबरच येत होतं म्हणे

तुम्ही हसाल, पण नोएडाच्या आमच्या ऑफिसात दोन वर्षं मला सगळे 'एम' म्हणतात. मृण्मयी म्हणताना त्यांची जीभ वळत नाही. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच, त्यामुळे पूर्ण नाव कानावर पडतं ते फक्त आईचा फोन आला की.

मागच्या महिन्यात हजेरीच्या स्क्रीनवर सगळ्यांच्याच नावाचं फक्त पहिलं अक्षर यायला लागलं. आमचा नवा प्रोग्रॅम सी शार्प या कॉम्प्युटरच्या भाषेतला, आतला जुना कोड सी प्लस प्लसमधला. नवा प्रत्येक इंग्रजी अक्षरामागे एक रिकामा बाइट पाठवतो, आणि तो दिसला की जुन्याला वाटतं, नाव संपलं.

तो जुना कोड लिहिणारे चढ्ढा सर म्हणाले, "बाकियों का ठीक कर दो बेटा. तुम्हारा तो सही आ रहा है."

"सर, मेरा भी पूरा नाम है," मी तडकून म्हटलं.

दोन दिवस खपून मी सगळ्यांची नावं जुन्या कोडला कळतील अशा रूपात बदलून पाठवली. यादीत 'Mrunmayee' अख्खं उमटलं. सरांना मी अक्षरशः ओढत आणलं.

चष्मा पुसून त्यांनी यादी वाचली, माझ्या नावावर अडखळले आणि म्हणाले, "बढ़िया, एम. ये नई लड़की कब जॉइन कर रही है?"