टाकीतला दाणा

अरे, घरच्या माणसाचा सीटी स्कॅन असला की बाहेर आपण कसे बसतो, तसा मी एकदा प्लॅस्टिकच्या टाकीसाठी बसलोय! अंबडच्या आमच्या कारखान्यात नव्या साच्यातून ब्रेक ऑइलची टाकी काढली होती. ती न कापता आतून बघायची, म्हणून स्कॅनला नेली. प्लॅस्टिकमध्ये पोकळी किंवा आत कचरा निघाला, तर ऑर्डर गेलीच. शेजारी गिऱ्हाईक कंपनीचे जाधव साहेब. हा माणूस हसत म्हणून नाही.

स्क्रीनवर टाकीचा एकेक काप सरकत होता. सगळं स्वच्छ. तेवढ्यात तळाच्या कोपऱ्यात काहीतरी लांबट दिसलं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

ऑपरेटरने ते मोठं केलं. तांदूळ!

मी बाहेर पळालो आणि आमच्या सुपरवायझरला फोन लावला. "भामरे, टाकीची पूजा केली होती का?"

"मग! नव्या साच्याचा पहिला माल हाय, सर. हळदकुंकू, अक्षता, समदं केलं. नंतर पुसली की!"

"बाहेरून पुसली. आतून कोण पुसणार?"

आत येऊन खरं ते सांगून टाकलं. साहेबांनी सगळे काप पुन्हा पहिल्यापासून बघून घेतले.

"प्लॅस्टिकमध्ये दोष नाही. पास. पण हा प्रकार पुन्हा नको."

पुढच्या साच्याची टाकी मी स्वतः धुऊन, पुसून, पिशवीत बंद करून नेली. मशीन सुरू व्हायच्या आधी साहेब माझ्या कानाशी आले.

"हिची पूजा केलीये ना?"